मुलांमधली वेगवेगळी बुद्धी कशी ओळखावी: नव्या पालकांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी

मराठी घरांत ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेच्या निमित्ताने शिरतो. कधी चौथी-सातवीला तर कधी पाचवी-आठवीला होत आलेल्या या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा भागच असतो. त्यात संख्यामालिका पूर्ण करायच्या असतात, आरशातील प्रतिमा ओळखायची असते, सांकेतिक भाषा उलगडायची असते, आणि त्यात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाला ‘डोकं आहे हो पोराला’ असे प्रशस्तिपत्र देऊन शेजारपाजारचे मोकळे होतात. त्या चाचणीत जे मोजले जाते ते खरे आणि उपयोगाचे असते, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तासाभराच्या कागदी चाचणीत जे दिसू शकत नाही ते अस्तित्वातच नाही, असा समज त्यातून हळूहळू घट्ट होतो आणि मग वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांकडे नीट पाहिलेच जात नाही.

हा लेख साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांचे पालक आणि बालवाडीत किंवा प्राथमिक वर्गावर नुकतेच रुजू झालेले शिक्षक यांच्यासाठी आहे. यासाठी लागते ती एक वही, घरात सापडणाऱ्या काही वस्तू आणि सहा आठवड्यांचा धीर.

पहिली पायरी: थोडी पार्श्वभूमी समजून घ्यावी

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली मुलांसाठी जी चाचणी तयार केली, तिचा हेतू शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले शोधणे हा होता. मुलाची बुद्धी हा एक कायमचा ठरलेला आकडा आहे, असे बिने यांचे म्हणणे नव्हते. उलट तसे मानण्याला त्यांचा विरोध होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात या चाचणीचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले, आणि ‘बिने-कामत’ हे नाव आजही अनेक दवाखान्यांत व समुपदेशन केंद्रांत ऐकू येते.

त्या आधी 1904 साली चार्ल्स स्पिअरमन या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, जी मुले एका प्रकारच्या चाचणीत पुढे असतात ती इतर प्रकारच्या चाचण्यांतही पुढे असण्याकडे कल दिसतो. यावरून सर्वांच्या मुळाशी एकच सामान्य बुद्धी असावी, असे त्याने मांडले. हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली याच्या उलट बाजू घेतली. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, इतरांना समजून घेण्याची आणि स्वतःला समजून घेण्याची अशा सात बुद्धिमत्ता त्यांनी सांगितल्या आणि पुढे निसर्गविषयक ही आठवी जोडली.

या मांडणीवर मानसशास्त्रज्ञांची टीका आहे आणि ती नव्या वाचकाने माहीत करून घ्यावी. या आठ बुद्धिमत्ता एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र आहेत याचा पुरेसा प्रायोगिक पुरावा नाही, आणि यांतील काहींना बुद्धिमत्ता म्हणण्याऐवजी गुण किंवा कौशल्य का म्हणू नये, असे दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. मला स्वतःला दोन्ही आक्षेप वजनदार वाटतात. तरीही मी ही यादी वापरते, कारण मुलाकडे कुठे कुठे पाहायचे राहून गेले आहे, हे ती आठवण करून देते. मूल ‘कोणत्या प्रकारचे’ आहे हे ठरवण्यासाठी मात्र तिचा वापर करू नये.

दुसरी पायरी: वही घालावी

सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटे मूल काय करते ते पाहावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. लिहिताना एकच पथ्य कटाक्षाने पाळावे: विशेषणे टाळून क्रियापदे लिहावीत. ‘आज फार छान खेळली, कल्पनाशक्ती चांगली आहे’ ही नोंद महिन्याभराने वाचली तर तिच्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी अशी नोंद करावी: ‘मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. पत्त्यांचा बंगला. दुसऱ्या मजल्यावर दोनदा कोसळला. तिसऱ्या वेळी खालचे पत्ते अधिक जवळ लावले. वीस मिनिटे. जेवायला हाक मारली तर “थांब ना” म्हणाली, मान वर केली नाही.’ या पाच-सहा वाक्यांत मुलीने किती वेळ टिकाव धरला, चूक झाल्यावर काय बदलले आणि कोणाच्याही कौतुकाशिवाय ती काम करत होती की नाही, हे सगळे आलेले आहे.

मुलासमोर बसून लिहू नये. आपली परीक्षा चालू आहे, हे मुलांना फार लवकर कळते आणि मग ती खेळणे सोडून आपल्याला खूश करण्याच्या कामाला लागतात.

तिसरी पायरी: खऱ्या वस्तू हातात द्याव्यात

गार्डनर आणि टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड फेल्डमन यांनी 1980च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी ‘प्रोजेक्ट स्पेक्ट्रम’ नावाचा उपक्रम चालवला. तेथे कागद-पेन्सिलीच्या चाचण्या नव्हत्या. मुलांना वस्तू आणि खेळ देऊन त्यांचे निरीक्षण केले जाई. त्यातील एक वस्तू होती स्वयंपाकघरातील हाताने फिरवायचे दळण्याचे यंत्र, जे मुलांनी सुटे करायचे आणि पुन्हा जोडायचे.

हे वाचले तेव्हा मला पुरणयंत्र आठवले. भांडे, जाळी, पाते बसवलेला मुठीचा दांडा आणि तो जागेवर धरून ठेवणारी पट्टी, एवढेच भाग. पण जाळी कोणत्या बाजूने बसवायची आणि पाते तिच्या वर येणार की खाली, हे विचार केल्याशिवाय कळत नाही. मी पहिलीच्या वर्गासोबत काम करत होते तेव्हा घरचे जुने पुरणयंत्र सुटे करून सतरंजीवर ठेवले आणि मुलांना एकेक करून बोलावले. एका मुलीने ते दीड-दोन मिनिटांत जोडले आणि हात झटकून उठली. एका मुलाने जाळी उलटी बसवली, दांडा फिरवला, तो अडकला. त्याने भांडे उचलून खालून डोळा लावून पाहिले, जाळी काढली, बोटाने तिचा फुगीर भाग चाचपला, उलटी करून पुन्हा बसवली, पुन्हा फिरवून पाहिले. त्याला अकरा मिनिटे लागली. मी वहीत मुलीच्या नावापुढे ‘यंत्राची उत्तम जाण’ असे लिहिले, म्हणजे वर सांगितलेले पथ्य स्वतःच मोडले.

पुढच्या आठवड्यात मी दोन सेलची जुनी टॉर्च सुटी करून ठेवली. मुलगी पाच मिनिटे माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि ‘बाई, हे नाही मला येत’ म्हणाली. मुलाने सेल उलटसुलट घालून पाहिले, स्प्रिंग दाबून पाहिली आणि चौथ्या प्रयत्नात दिवा लावला. नंतर बोलता बोलता कळले की मुलीच्या घरी होळीला पुरण वाटण्याचे काम आजीबरोबर तिचेच असते. पुरणयंत्रावर तिने जे दाखवले तो तिचा सराव होता आणि तोही कौतुकास्पदच होता. पण अनोळखी वस्तूचा उलगडा करण्याची क्षमता त्या दिवशी मुलाच्या अकरा मिनिटांत दिसली होती, आणि घड्याळाकडे पाहण्याच्या नादात मी ती चुकवली होती.

म्हणून एकाच वस्तूवरून काहीही ठरवू नये. ओळखीची एक आणि अनोळखी एक अशी जोडी द्यावी. चकलीचा सोऱ्या आणि त्याच्या चकत्या, बंद पडलेले गजराचे घड्याळ, कडीकोयंडा, कुलूप आणि चार किल्ल्यांचा जुडगा, तराजू आणि धान्य, घडीचा कागद, भांड्यात तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तू, इतके सामान कोणत्याही घरात असते. मोठ्यांनी जवळ बसावे, विजेवर चालणारी वस्तू देऊ नये आणि मूल अडले तर निदान मनातल्या मनात शंभर आकडे मोजून होईपर्यंत तोंड उघडू नये. यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे.

चौथी पायरी: खेळात डोकावावे

दुसऱ्यांना समजून घेण्याची बुद्धी वस्तूंवर दिसत नाही, ती भातुकलीत दिसते. तिथे बहुतेकांची नजर मोठ्या आवाजात ‘तू बाबा हो, तू बाळ हो’ अशी फर्माने सोडणाऱ्या मुलाकडे जाते आणि त्याला नेतृत्वगुणाची पावती मिळते. माझा अनुभव असा की खरी जाण पुष्कळदा दुसऱ्याच कोणाकडे असते: खेळाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीला ‘तू पाहुणी ये, आम्ही चहा ठेवतो’ असे म्हणून आत घेणाऱ्याकडे, किंवा दोघे एकाच खेळण्यावरून हमरीतुमरीवर आले असता ‘दुकान दोघांचं, एक भाऊ वजन करेल, एक पैसे घेईल’ अशी तोड काढणाऱ्याकडे. नोंद करताना कोण बोलले यापेक्षा कोणाच्या बोलण्यानंतर खेळ पुढे सरकला, हे लिहावे. स्पेक्ट्रममध्ये यासाठी वर्गाची छोटी प्रतिकृती आणि त्यातील मुलांच्या बाहुल्या वापरत. कोण कुठे खेळते, कोण एकटे असते, असे प्रश्न विचारून मुलाचे वर्गमित्रांबद्दलचे निरीक्षण पाहत. बाटल्यांची रंगीत झाकणे आणि खोक्याचे घर घेऊन हेच आपल्यालाही करता येते.

संगीताच्या बाबतीत गाण्याच्या भेंड्यांवर विसंबू नये, कारण तिथे शब्द आठवण्याची शक्ती जास्त कामी येते. त्यापेक्षा गणपतीतील आरतीच्या वेळी पाहावे. आरती रंगात आली की मोठी माणसे हमखास लय वाढवतात. अशा वेळी झांज घेतलेले एखादे मूल बदललेली लय चटकन पकडते, एखादे वैतागून ‘तुम्ही पळताय’ असे म्हणते, आणि एखादे आपल्याच तालात वाजवत राहते. पहिल्या दोघांचे कान तयार आहेत.

शारीरिक बुद्धी म्हणजे केवळ धावण्याची शर्यत नव्हे. लगोरीत चेंडूचा नेम, दोरीवरच्या उड्यांत फिरत्या दोरीत शिरण्याचा नेमका क्षण, सागरगोटे झेलताना एकाच वेळी हात आणि नजर सांभाळणे, मोदकाला एकसारख्या कळ्या पाडणे, ही सगळी तिचीच रूपे आहेत, आणि मैदानावर मागे राहणारे मूल मोदकाच्या ताटाशी सर्वांना मागे टाकू शकते.

पाचवी पायरी: सहज निसटणाऱ्या जागा

भाषिक आणि गणिती बुद्धी शाळेला दिसतेच, म्हणून त्यांवर मी फार लिहीत नाही. एक सूचना मात्र आवश्यक आहे. शाळेची भाषा आणि घरची बोली वेगळी असेल तर भाषिक बुद्धी बोलीत तपासावी. प्रमाण मराठीत ‘पावसाळा’ या विषयावर दोन वाक्ये लिहून थांबलेले मूल, काल रात्री गोठ्यात शिरलेल्या सापाची हकिगत अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत सांगू लागले की उत्कंठा कुठे वाढवायची आणि कोणाचा आवाज कसा काढायचा हे त्याला पक्के ठाऊक असल्याचे दिसते. परदेशात वाढणाऱ्या मुलांचेही तसेच आहे. आजीशी फोनवर अडखळत बोलणारी नात इंग्रजीत मैत्रिणींना तासभर गोष्टी रचून सांगत असेल, तर तिची भाषा कच्ची आहे असे म्हणता येणार नाही.

निसर्गविषयक बुद्धी शहरात वेगळा वेश घेऊन येते, असे गार्डनर यांनीच नोंदवले आहे. रोपवाटिकेत मिरचीचे आणि वांग्याचे रोप पाने पाहून वेगळे काढणारे मूल आणि गाडी वळणावर दिसण्याआधी आवाजावरून तिचे मॉडेल सांगणारे मूल, या दोघांची बारीक फरक टिपून वर्गवारी करण्याची क्षमता एकाच जातीची असू शकते.

स्वतःला समजून घेण्याची बुद्धी ओळखणे सर्वांत अवघड, कारण ती शांत असते. आठ वर्षांचे मूल ‘मला आत्ता राग आलाय, मी नंतर सांगतो’ असे म्हणते, तीन कोड्यांतून आपल्याला पेलेल एवढेच अवघड कोडे निवडते, किंवा ‘मला पाढे सकाळी पाठ होतात, रात्री नाही’ असे स्वतःहून सांगते, तेव्हा ते वहीत जरूर उतरवावे. ‘आगाऊ’ म्हणून गप्प केलेली कितीतरी वाक्ये या सदरात मोडतात.

सहावी पायरी: आवड, सराव आणि क्षमता वेगळ्या कराव्यात

सहा आठवड्यांनी वही उघडून प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावेत. मुलाला हे आवडते का? हे त्याला आधीपासून माहीत होते का? नवे शिकताना ते इतर ठिकाणांपेक्षा इथे लवकर पुढे गेले का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल तर ती आवड आहे. तिला मान द्यावा, पण तिच्यावर भविष्याचे इमले बांधू नयेत. ज्या बुद्धीला दिसण्याची संधीच मिळाली नाही, तिच्यासमोर ‘नाही’ न लिहिता ‘पाहिले नाही’ असे लिहावे. ज्या घरात पेटी-तबला नाही आणि आरतीही रेकॉर्डवर लागते, तिथे मुलाला संगीताचे अंग नाही हे कशावरून ठरवणार?

पुढे चुकण्याची धास्ती वाटत असेल तर अमेरिकेतील लुईस टर्मन यांचे उदाहरण लक्षात ठेवावे. त्यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार मुले उच्च बुद्ध्यंकावरून निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले त्या चाचणीत निवडीला कमी पडली; पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, एकाला 1956 साली आणि दुसऱ्याला 1968 साली. इतक्या काळजीने केलेल्या निवडीची ही गत, तर आपल्या वहीतील निष्कर्ष पेन्सिलीनेच लिहिलेले बरे.

सातवी पायरी: अडचण आणि वेगळेपण यांत गल्लत करू नये

‘त्याची बुद्धी वेगळी आहे, वाचन त्याच्यासाठी नाही’ असे म्हणून वाचनाची खरी अडचण झाकली जाते, आणि या विषयाचा सर्वांत मोठा तोटा मला हाच वाटतो. मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवत असेल तर आधी डोळे तपासावेत. हाक मारल्यावर वळत नसेल तर कान तपासावेत. दोन्ही ठीक असूनही दुसरी-तिसरीपर्यंत अक्षरांची अदलाबदल, अत्यंत संथ वाचन किंवा साध्या बेरजांत सतत गोंधळ राहिला, तर अध्ययन अक्षमतेसाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. साधारण आठ वर्षांच्या आधी असे निदान सहसा पक्के करत नाहीत, पण मदत सुरू करायला निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्तेचे प्रकार सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या चाचणीवर मात्र एक रुपयाही खर्च करू नये. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेतच ठरतात आणि त्यांवरून मूल गणितात पुढे जाईल की गाण्यात, हे सांगता येते याला शास्त्रीय आधार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसे जाहीरपणे सांगितले आहे. छापील रंगीत अहवाल, त्यातले टक्के आणि पाई-चार्ट पाहून शिकलेसवरलेले पालकही भुलतात, म्हणून एवढे स्पष्ट लिहिले. ‘हे मूल पाहून शिकते, ते ऐकून शिकते’ अशी शिक्काबाजीही टाळावी. त्या त्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते असे संशोधनात दिसलेले नाही, आणि बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे गार्डनर यांनी स्वतः सांगितले आहे.

आठवी पायरी: वहीचा उपयोग

मुलाची भक्कम बाजू दिसली की लगेच त्या विषयाचा क्लास लावण्याची आपल्याकडे घाई असते. मी त्याऐवजी ती बाजू कच्च्या बाजूच्या जवळ नेऊन पाहते. टॉर्च जोडणाऱ्या त्या मुलाला लिहिण्याचा कंटाळा होता. त्याला मी निबंध न देता, ‘ज्याने टॉर्च कधीच पाहिली नाही त्याला ती कशी जोडायची ते सांगणारी चिठ्ठी लिही’ असे सांगितले. चिठ्ठी सात ओळींची झाली आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद होता. पण ती वाचून शेजारच्या मुलाला टॉर्च जोडता आली नाही, तेव्हा ‘स्प्रिंग कुठल्या बाजूला ते लिहायचं राहिलं’ असे म्हणत त्याने आपणहून आठवी ओळ घातली.

पालकसभेला जाताना ‘आमचा मुलगा हुशार आहे, लक्ष देत नाही’ या वाक्याऐवजी वहीतल्या दोन तारखा आणि दोन प्रसंग घेऊन जावेत, आणि शिक्षकांनीही प्रगतिपुस्तकातील शेऱ्यात असा एखादा प्रसंग लिहावा. ‘प्रगती समाधानकारक’ यापेक्षा तो घरी जास्त वेळा वाचला जातो. सहा महिन्यांनी त्याच वस्तू, त्याच क्रमाने पुन्हा मांडाव्यात, आणि नवी नोंद लिहून होईपर्यंत जुनी पाने उलटू नयेत.